आमच्या गावाची ओळ

१९७१ सालच्या शिरगणतीत मी एक चूक केली आणि ती आजतागायत कोणी दुरुस्त केलेली नाही.

त्या वेळी मी जुन्नरला एका शाळेत गणित शिकवीत असे. वय बावीस. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झाले होते, तोच सरकारने आम्हां मास्तर-मास्तरणींच्या हाती शिरगणतीचे कागद दिले. मला एका आळीतली साठ-सत्तर घरे आली. शाळा सुटली की मी निघे आणि शिवनेरीमागे सूर्य जाईपर्यंत ओसऱ्या पालथ्या घाली. चहा नको म्हणण्यातच निम्मा वेळ जाई.

एका घरी दोन भाऊ, दोन जावा आणि ओसरीवर ठार बहिरे सासरे. भाऊ दोघेही नारायणगावच्या बाजाराला गेलेले. त्यांची नावे सासऱ्यांच्या तोंडून कशीबशी निघाली : एक शंकर, दुसरा विठ्ठल. जावांनी आपापली नावेही सांगितली : एक रुक्मिणी, एक पार्वती. पण कोण कोणाची? नवऱ्याचे नाव घ्यायचे म्हटल्यावर दोघींनी पदर तोंडाला लावला आणि हसत बसल्या. "तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच ओळखा की!"

मी ओळखले. आमच्या आळीत तेव्हा लग्नात मुलीचे नाव बदलायची चाल पुष्कळ घरांत होती. रामाच्या घरी आलेली सीता होई, विष्णूची लक्ष्मी होई. चाळीस घरे फिरून झाल्यावर मला ही जोडगणिते पाठच झाली होती. तेव्हा विठ्ठलापुढे रुक्मिणी, शंकरापुढे पार्वती असे बिनदिक्कत लिहून मी पुढच्या दारी गेले. चैत्रातल्या हळदीकुंकवाला कळले, की शंकररावांची बायको रुक्मिणी! सासऱ्यांना नावे बदलणे पसंत नव्हते. दोघी आपापल्या माहेरच्या नावांनीच नांदत होत्या. कागद केव्हाच पुण्याला गेले होते.

ही गोष्ट मी पन्नास वर्षे फराळाच्या ताटावर हसण्यावारी सांगत आले. घरातल्या पोरांना ती इतकी पाठ आहे, की मी "एकाहत्तर साली" एवढे म्हटले तरी ती "शंकर-रुक्मिणी!" असे ओरडतात. तिचा कधी काही उपयोग होईल असे मला वाटले नव्हते.

माझा दादा ओतूरकडे शेती करतो. मांडवीच्या काठी त्याचा मळा आहे, आणि एकुलत्या मुलाचा एकुलता मुलगा हा त्याचा नातू. २०२३ च्या दिवाळीत हा नऊ वर्षांचा पोरगा किल्ला करता करता थकून मातीतच बसला. त्याच्या पायांवर निळे डाग होते. वहिनी म्हणाली, "पडला असेल कुठं." पाडव्याच्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि त्याच संध्याकाळी त्याला पुण्याला आणले.

निदान व्हायला आठवडा लागला. हाडांच्या पोकळीतली मज्जा, जिथे रक्त तयार होते, तिने काम जवळजवळ सोडून दिले होते. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की बहुधा त्याच्याच अंगातल्या पहारेकऱ्यांनी त्याच्या मज्जेला शत्रू समजून मारले आहे. उपाय दोन. पहारेकऱ्यांना झोपवणारी औषधे द्यायची, नाही तर दुसऱ्या कोणाची तरी निरोगी मज्जा घालायची. दुसरा उपाय पक्का, पण मज्जा जुळणारी हवी. सख्खे भावंड असले तर पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. याला भावंडच नाही.

मग जुळणीचा कागद आला. तो मी उलटसुलट करून पाहिला. रक्तगट मला ठाऊक होते. ए, बी, ओ. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक नवाच दुर्मिळ गट शोधून काढला, आणि तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून जगभर ओळखला जातो, हेही मी वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत असे. पण हा कागद म्हणजे आगगाडीचे वेळापत्रक होते. ए*३३:०३, बी*४४:०३, डीआरबी१*०७:०१ आणि अशाच आणखी तितक्याच खुणा. तारका काय, विसर्ग काय! मी लेकीला हाक मारली.

माझी लेक पुण्यात संगणकावर काम करते. काय काम करते असे कोणी विचारले, की मी आजवर "आकडेमोड" एवढेच सांगत असे. तीही अधिक खोलात जात नसे, कारण आईला कळणार नाही अशी लेकींची एक समजूत असते. त्या रात्री इस्पितळाच्या बाकड्यावर बसून तिने मला आपले काम प्रथमच नीट सांगितले. तिचे काम नेमके याच खुणांचे होते, हे ऐकून मला जरा रागच आला. इतकी वर्षे ही मला सांगत का नव्हती?

तिने सांगितले ते माझ्या शब्दांत सांगते. आपल्या पेशी आपल्या आत काय शिजते आहे त्याचे नमुने बारीक तबकांत घालून दारात मांडून ठेवतात. पहारेकरी पेशी दारोदार फिरून ही तबके पाहतात. तबकात घरचेच काही असले तर पुढे जातात. रोगजंतूचा तुकडा दिसला, की त्या घरावर तुटून पडतात. आणि तबकाचा घाटच परका वाटला, तरीही तुटून पडतात. दुसऱ्याचे मूत्रपिंड वा मज्जा अंग स्वीकारत नाही ते यामुळे. या तबकांचे पहिले घाट पॅरिसच्या झां दॉसे यांनी १९५८ साली ओळखले, त्यासाठी १९८० साली त्यांना दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. आज अशा घाटांच्या नावांची लंडनमध्ये ठेवलेली यादी चाळीस हजारांच्या पुढे गेली आहे. मधले ते विसर्गासारखे चिन्हही २०१० साली घालावे लागले, कारण एकेका कुळात शंभरावर घाट सापडले आणि दोन आकडी क्रमांक पुरेनात. गावातल्या घरांना नंबर देताना ग्रामपंचायतीची जी धांदल उडते, तीच ही.

"इतके घाट कशाला?" मी विचारले.

"आई, सगळ्यांची तबकं एकाच घाटाची असती, तर त्या घाटात न बसणारा एखादा रोग गावंच्या गावं खाऊन गेला असता. कोणाच्या तरी तबकात तो सापडतो, म्हणून माणसं उरतात."

मला आजी आठवली. प्लेगात गाव सोडून रानात झोपड्या बांधल्याच्या गोष्टी ती सांगे, आणि "आपल्या घरातली तेवढी राहिली" असे म्हणून हात जोडी. तिने देवाचे आभार मानले, ते योग्यच केले. पण दारातल्या तबकांनाही थोडे द्यायला हवे होते.

हे घाट ठरवणारी जनुके सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ बसलेली असतात, म्हणून ती आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन जुडग्यांनी येतात. किल्ल्यांचे दोन जुडगे म्हणा. पोटी आलेल्या मुलाला प्रत्येकाकडून अख्खा जुडगा मिळतो. शंभरात एखाददुसऱ्या वेळीच त्यातल्या किल्ल्यांची अदलाबदल होते. पण रक्ताची तपासणी करणारे यंत्र जुडगे पाहत नाही. ते सगळ्या किल्ल्या टेबलावर ओतून मोजते. पहिल्या जातीच्या दोन, दुसऱ्या जातीच्या दोन, तिसऱ्या जातीच्या दोन. कुठली किल्ली कुठल्या जुडग्यातली, ते आपण ओळखायचे.

"मग कसं ओळखता?"

लेक हसली. "शंकर-रुक्मिणी!"

आणि खरेच तसे होते. संगणकाला हजारभर माणसांच्या खुणा द्यायच्या. काही घरांत एकच जोडपे असते, तिथे शंका नसते. जिथे दोन पुरुष आणि दोन बायका, तिथे आधी दोन्ही जोडण्या सारख्याच संभवनीय मानायच्या आणि सगळ्या गावातल्या जोड्या मोजायच्या. मोजणीत विठ्ठल-रुक्मिणी जास्त निघाली, तर संशयाच्या घरात त्या जोडीला जास्त वजन द्यायचे आणि पुन्हा मोजायचे. पुन्हा वजन, पुन्हा मोजणी. आकडे हलायचे थांबले की झाले. रुजिएरो चेपेलिनी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने आणखी दोघांबरोबर १९५५ सालीच जनुके मोजण्याची ही रीत मांडून ठेवली होती. १९७७ मध्ये संख्याशास्त्रज्ञांनी तिला सर्वसाधारण रूप आणि नाव दिले. हाताने करायला गेले तर जन्म जाईल. संगणक चहा निवायच्या आत करतो.

लेक वापरते त्या साधनाचे नाव 'पायपॉप'. पायथन या संगणकी भाषेत लिहिलेले आहे म्हणून पाय, आणि लोकसंख्येचे पॉप. ग्लेनिस थॉमसन नावाच्या बाईंच्या गटात, कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे ते तयार झाले आणि २००३ साली प्रसिद्ध झाले. जगभरच्या प्रयोगशाळा १९६४ पासून या खुणांसाठी एकत्र कार्यशाळा भरवतात. तिथे देशोदेशींचे आकडे येत, पण प्रत्येकाची मांडणी निराळी. ती सगळी एका चाळणीतून काढायची म्हणून हा खटाटोप. ते फुकट आहे आणि त्याच्या आत काय लिहिले आहे ते कोणालाही वाचता येते, याचे मला विशेष वाटले. मुलांनी उत्तर लिहिले आणि रीत लिहिली नाही, तर मी गुण देत नसे.

ते साधन आधी एक गोष्ट तपासते. गावात लग्ने या खुणांकडे न पाहता होत असतील, तर एकाच घाटाच्या दोन किल्ल्या किती जणांकडे असाव्यात, हे साध्या वर्गाच्या सूत्राने सांगता येते. हे १९०८ साली जर्मनीतल्या वाइनबर्ग नावाच्या डॉक्टरांनी आणि इंग्लंडात हार्डींनी सांगितले. हे हार्डी म्हणजे आपल्या रामानुजनांना केंब्रिजला नेणारे हार्डी. आपले गणित कोणाच्या उपयोगी पडले नाही, असे त्यांनी पुढे मोठ्या तोऱ्यात लिहिले. दुसरीच्या वर्गाला शोभेल असे एक बारकेसे सूत्र मात्र रोज हजारो प्रयोगशाळांत त्यांच्या नावाने चालते. त्या सूत्राशी आकडे जुळले नाहीत, तर कुठे तरी तपासणी चुकली आहे, नाही तर गाव एकजिनसी नाही, असे समजायचे.

पण माझे सगळे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे होते. "मग आपल्या पोराचं?" मी विचारले.

लेकीचा चेहरा बदलला. "आई, हा हिशेब गावाचा असतो. गावाचा बरोबर येतो. एका घराचा चुकू शकतो." तुझा चुकला तसा, असे ती म्हणाली नाही. "त्याच्यासाठी अंदाज करायचाच नाही. त्याच्या आईबाबांचं रक्त तपासलंय. कुठली किल्ली कोणाकडून आली ते त्यावरून सरळ कळतं."

म्हणजे बाजाराला गेलेल्या नवऱ्यांची वाट पाहायची. १९७१ साली मला तेवढाही धीर नव्हता.

त्याच्या वडिलांकडून आलेला जुडगा हमरस्त्यावरचा निघाला. कागदावर मी वाचलेल्या त्या पहिल्या तीन खुणा एकत्र असलेला जुडगा भारतात ठिकठिकाणी सापडतो. आईकडून आलेला मात्र आडवाटेचा. लेकीने जगाचे एक कोष्टक उघडले. लिव्हरपूलमधल्या संशोधकांनी ते जमवले आहे. देशोदेशींच्या लोकसमूहांत कोणती खूण किती जणांत, याच्या ओळींवर ओळी. मी चष्मा सावरून भारत शोधला. मुंबईचे मराठा, पश्चिमेकडचे भिल्ल, पारशी अशा ओळी दिसल्या. एकेका ओळीमागे पन्नास-शंभर माणसे. जुन्नर नव्हते. आंबेगाव नव्हते. सुनेच्या माहेरचा जुडगा त्या कोष्टकात कुठेच सापडला नाही.

दात्यांच्या नोंदवह्यांतही पूर्ण जुळणारा कोणी मिळाला नाही. जगभरच्या नोंदवह्यांत मिळून चार कोटींवर माणसे आहेत, त्यांतली एक कोटीच्या आसपास एकट्या जर्मनीत. आपल्याकडे एवढ्या मोठ्या देशात मोजदाद लाखांत आहे. किती दाते नोंदवले म्हणजे किती रोग्यांना जुळणी मिळेल, हेही या जुडग्यांच्या हिशेबावरून काढता येते. पण त्यासाठी जुडगे आधी मोजलेले हवेत. ज्यांची ओळच कोष्टकात नाही, त्यांच्यासाठी किती दाते लागतील हे कसे काढणार?

इथवर गणित होते. घरात जे चालले होते ते निराळे.

वहिनीने अंथरूण धरले होते. एक दिवस मी तिच्याजवळ बसले असताना ती हळूच म्हणाली, "मी तेव्हाच म्हणत होते, माझ्या भावाची मुलगी करा म्हणून. घरातली घरात असती तर आज जुळलं असतं. हिचं आपल्याशी काही जुळतच नाही." सून दारात उभी होती. तिच्या हातात पोराच्या धुतलेल्या चड्ड्या होत्या. ती आत आली, चड्ड्या दोरीवर घातल्या आणि बाहेर गेली.

मला गप्प राहता आले असते. पण मी चाळीस वर्षे गणित शिकवले आहे, आणि चुकीचे उत्तर फळ्यावर राहू देणे मला जमत नाही. मी वहिनीला म्हटले, "वहिनी, पोरात अर्धं बापाचं आणि अर्धं आईचं. बाप जितका जुळतो तितकीच आई जुळते. रतीभर कमी नाही, रतीभर जास्त नाही." मामाची मुलगी केली असती तर नात्यात जुळणारे मिळण्याचा संभव वाढला असता, हे वहिनीचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण त्याबरोबर दोन्हीकडून एकच दोष येण्याचाही संभव वाढला असता. हे दुसरे मी मोठ्याने सांगितले आणि पहिले सांगितले नाही. गणितात हे पाप आहे. संसारात मला ते चालले.

शेवटी अर्ध्या जुळणीवरच भिस्त ठेवायची ठरली. पूर्वी हे अशक्य मानत. अमेरिकेत बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी अशी रीत बसवली, की मज्जा घातल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक जुनेच औषध द्यायचे. परक्याला पाहून खवळलेले पहारेकरी तेवढे त्यात मरतात आणि शांत असलेले वाचतात. ही रीत आता आपल्याकडेही रुळली आहे. २०२४ च्या जुलैत पोराला त्याच्या बापाची मज्जा दिली. त्या तीस दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. सून काचेच्या आत होती आणि आम्ही बाहेर. सव्विसाव्या दिवशी वहिनीने घरून डबा आणला तो तिच्यासाठी, आणि त्यात तिच्या आवडीची वांग्याची भाजी होती.

त्याच वर्षी थंडीत लेकीने मला नाणेघाटात नेले. तिला आंबेगाव-जुन्नरकडे काम निघाले होते. ते काय ते पुढे येईल. नारायणगाव सोडले, तेव्हा तिने खोडदच्या दिशेला बोट केले. तिथल्या तीस महाकाय तबकड्या आभाळातून येणारे आवाज ऐकत असतात. आभाळाची शिरगणती चालू आहे म्हणायची! घाटाच्या तोंडाशी जकातीचा तो दगडी रांजण आहे. खालच्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण यांची मोजदाद त्यात आकड्यांनी खोदलेली आहे. आपल्या देशातल्या जुन्यांत जुन्या आकड्यांपैकी ते आकडे. दोन हजार वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यात कोणी तरी दगडावर कोष्टक मांडून ठेवले आणि आज जगाच्या कोष्टकात आम्हांला ओळ नाही, या विचाराने मला जरा हसू आले.

या वाटेने कोण कोण वर आले! जुन्नरच्या लेण्यांत स्वतःला यवन म्हणवणाऱ्या तिघांची दाने कोरलेली आहेत. पुढे हबशी मलिक अंबराने निजामशाहीची राजधानी काही काळ जुन्नरला आणली. त्यांच्या किल्ल्या आमच्या जुडग्यांत आल्या असतील, नसतील. मोजल्याशिवाय कसे सांगणार?

या लेण्यांविषयी आणि घाटवाटांविषयी दामोदर धर्मानंद कोसंबींनी लिहिले आहे. ते स्वतः या डोंगरांतून पायी हिंडत. मला ते इतिहासकार म्हणून ठाऊक होते. गणिती होते हेही ठाऊक होते. लेकीने रांजणाला टेकून सांगितले, की दर पिढीत किल्ल्यांची अदलाबदल किती होते, त्यावरून जनुकांमधले अंतर काढायचे एक सूत्र कोसंबींचे आहे. त्यावरचा निबंध त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवीत असताना लिहिला आणि तो १९४३-४४ च्या सुमारास लंडनच्या 'अॅनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये आला. अंतरे मांडणाऱ्या संगणकी साधनांत आजही 'कोसंबी' असा पर्याय निवडता येतो. गोव्याच्या मातीतले नाव कुठल्या कुठे जाऊन बसले!

त्या नियतकालिकाचे नाव मात्र मला रुचले नाही. युजेनिक्स म्हणजे माणसांची उत्तम बीजे निवडायचा तो विचार, ज्याने युरोपात लाखोंचे बळी घेतले. १९५४ साली ते नाव बदलले. पण लेकीच्या नव्या कामाच्या अर्जावर 'जात अथवा जमात' असा रकाना पाहून मला तेच आठवले.

"हा कशाला?" मी विचारले.

"कारण लग्नं त्या रकान्यातच होत आलीत. जुडगे तिथंच फिरत राहिलेत. तो रकाना काढला तर हिशेब चुकतो."

मी इरावतीबाई कर्व्यांची गोष्ट सांगितली. १९३० च्या सुमारास बर्लिनला त्या कवट्या मोजायला बसल्या होत्या. संस्थेच्या संचालकांना गोऱ्यांची कवटीच वरचढ आहे असे हवे होते. बाईंनी मोजमापे घेतली आणि तसे काही निघत नाही असे लिहून दिले. पुढे पुण्यात डेक्कन कॉलेजात बसून त्यांनी महाराष्ट्रभरची माणसे मोजली. १९६८ साली कैलास मल्होत्रांबरोबर त्यांनी एकाच दर्जाच्या आठ गटांची तुलना छापली. "मोजायला माझी ना नाही," मी म्हटले, "पण मोजणाऱ्याने आधी ठरवलेलं उत्तर घेऊन जाऊ नये."

"म्हणून तर तुला घेऊन चाललेय," लेक म्हणाली. तिला कागद भरून घेणारे माणूस हवे होते, एवढाच याचा अर्थ.

काम असे होते. तिच्या संस्थेने आमच्या दोन तालुक्यांतल्या माणसांच्या खुणा मोजायचे ठरवले होते. नीतिसमितीची परवानगी, मराठीतले संमतिपत्र, सगळे रीतसर. देशभरच्या अशा मोठ्या मोजण्या झालेल्या आहेत. त्र्याऐंशी समूहांतल्या सुमारे दहा हजार माणसांची जनुकमाहिती जानेवारी २०२५ मध्ये आपल्या संशोधकांसाठी खुली झाली. पण आमच्या सुनेच्या माहेरचा जुडगा शोधायला आणखी खाली, वाड्यावस्त्यांपर्यंत जायला हवे.

सुनेचे माहेर आंबेगावचे. आंबेगाव तालुका आहे, पण आंबेगाव हे गाव आता नाही. घोड नदीवर डिंभ्याचे धरण झाले आणि गाव पाण्याखाली गेले. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. माणसे पांगली. कोणी वर डोंगराच्या कडेला सरकले, कोणी खाली कालव्याच्या मुलखात गेले. हिरडे गोळा करणारी महादेव कोळ्यांची घरे, शेतकरी, कारागीर, सगळ्यांची ताटातूट झाली. गाव मोडले की त्याचा हिशेबही मोडतो.

एका शाळेच्या व्हरांड्यात आम्ही बसलो. संमतिपत्र मी प्रत्येकाला मोठ्याने वाचून दाखवी. "रक्त विकणार नाही ना?" हा पहिला प्रश्न. "पोलिसांकडे जाईल का?" हा दुसरा. तिसरा कोणी विचारला नाही, पण तो प्रत्येकाच्या डोळ्यांत दिसे : यात आम्हांला काय? मी खरे ते सांगितले, की तुम्हांला आज काहीच नाही. मग सून उठली. ती आमच्याबरोबर आली होती. तिने आपल्या मुलाचा फोटो दाखवला, तोंडावर पट्टी बांधलेला, डोक्यावर केस नसलेला, आणि म्हणाली, "ह्याला आपल्यातलं कोणी सापडलं नाही. पुढच्याला सापडावं." दुपारपर्यंत रांग फाटकापर्यंत गेली.

पोरगा आता अकरा वर्षांचा आहे. औषधे कमी होत आली आहेत. बाहेरचे खाणे अजून बंद. या दिवाळीचा किल्ला त्याने ओसरीवर खुर्चीत बसून इतरांकडून करून घेतला आणि मावळ्यांना फार हुकूम सोडले. त्याच्या अंगात आता बापाच्या मज्जेचे रक्त खेळते, आणि त्यामुळे त्याचा रक्तगटही बदलून बापाचा झाला आहे. शाळेच्या ओळखपत्रावर कोणता लिहायचा, असे त्याने मला विचारले. मी नवा लिहायला सांगितले. तो म्हणाला, "मग आईचं काय राहिलं?" मी म्हटले, "रक्त सोडून बाकी सगळ्यात आहे ती, अर्धी." त्याने थोडा विचार केला आणि चकली मागितली. ती घरची होती, म्हणून मिळाली.

त्या व्हरांड्यातले शेवटचे माणूस म्हणजे ऐंशीच्या घरातली एक म्हातारी. सुनेची लांबची आजी. गाल आतून कापसाच्या काडीने पुसून घेताना तिला गुदगुल्या झाल्या. मी कागद पुढे ओढला.

"आजी, मूळ गाव?"

"आंबेगाव."

"म्हणजे आता कुठे राहता ते..."

"मूळ म्हणलीस ना? आंबेगाव लिही. पान्याखाली गेलं म्हून काय झालं."

मी लिहिले. पुढचा रकाना पाहिला.

"पतीचे नाव?"

म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि डोळे मिचकावले. "तूच वळख."

मी पेन खाली ठेवले. "नाही आजी," मी म्हटले, "मी थांबते. कोणाला तरी बोलवा."